वाचकांचे प्रश्न : मरियामाता एकीच्या आड येते का?

मागच्या अंकात ख्रिस्ती एकीवर, म्हणजे वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी जवळ येण्यावर, लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले आणि गंमत म्हणजे एकीपेक्षा मरियामातेवरचेच प्रश्न जास्त. काही रागावलेले, काही खरंच गोंधळलेले. सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतोय.

प्रश्न : मी कॅथलिक, नवरा प्रॉटेस्टंट. सासूबाई स्वभावाने खूप चांगल्या आहेत पण मी रोझरी (मरियेची जपमाळ) हातात घेतली की त्या म्हणतात, "येशू आहे ना, मग मध्ये मरियेचं काय काम?" मला नीट उत्तर देता येत नाही. खरं सांगू का, कधीकधी मलाच वाटतं की त्यांचं बरोबर तर नाही ना? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नाहीये, उलट एकदम मुद्द्याचा आहे. देव आणि माणूस यांच्यामध्ये ख्रिस्त येशू हा एकच मध्यस्थ, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:५) त्यांच्या बायबलात आहे तसंच आपल्याही बायबलात आहे. आणि व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, मरियेच्या मध्यस्थीबद्दल बोलायला घेतलं तेव्हा सुरुवात याच वचनाने केली, हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये कोण जाणे.

त्या महासभेत मरियेवरून चांगलंच वाजलं होतं. तिच्यावर वेगळा दस्तऐवज काढायचा की ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजातच एक प्रकरण घालायचं, हा वाद. वेगळा हवा म्हणणाऱ्यांना वाटायचं की नाहीतर तिचा मान कमी होईल, आणि दुसऱ्या बाजूचं म्हणणं की तिला वेगळं काढलं तर ती ख्रिस्तापासून आणि बाकीच्या विश्वासणाऱ्यांपासून तुटून कुठेतरी वर तरंगत राहील. २९ ऑक्टोबर १९६३ ला मतदान झालं, १११४ विरुद्ध १०७४. दोन हजारांवर बिशप आणि फरक ४० मतांचा! म्हणजे सगळे कॅथलिक या बाबतीत एका सुरात बोलतात असं कुणी समजू नये. शेवटी ख्रिस्तसभेवरच्या दस्तऐवजाचं आठवं प्रकरण मरियेला मिळालं, आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की तिच्यामुळे ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीतून काही कमी होत नाही आणि त्या मध्यस्थीत काही भरही पडत नाही. पुढे ईशज्ञानाच्या अभ्यासकांना आणि उपदेश करणाऱ्यांना ताकीदही आहे, की उगाच अतिशयोक्ती करू नका, पण मनही कोतं करू नका, आणि आपल्यापासून वेगळ्या झालेल्या बांधवांचा गैरसमज होईल असं काही बोलू नका, करू नका. हा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी ख्रिस्ती एकीवरचा दस्तऐवजही जाहीर झाला. मरिया की एकी, असं एक काहीतरी निवडा हा प्रकार निदान त्या बिशपांच्या डोक्यात नव्हता.

आता रोझरीकडे या. सासूबाईंना वाद घालून काही पटवू नका, एकच मणी घ्या आणि तो त्यांच्यासमोर उलगडून दाखवा. "नमो मरिये" ही सुरुवात म्हणजे देवदूताने केलेलं अभिवादन, लूक १:२८. मग तिची नातलग अलिशिबा तिला धन्य म्हणते, तेही लूकच, १:४२. म्हणजे पहिला अर्धा भाग जवळजवळ सगळा शुभवर्तमानातून उचललेला. त्याचा शेवट होतो येशूच्या नावावर, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये रोझरीवर पत्र लिहिलं त्यात हेच सांगितलं की या प्रार्थनेचा सगळा भार त्या नावावर आहे, घाईघाईत म्हणताना तेच नाव गिळलं जातं. (जातंच! कुठल्याही घरची संध्याकाळची रोझरी कान देऊन ऐका.) मग दुसरा भाग, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. इथे आपण मरियेकडे क्षमा मागत नाही, तारण मागत नाही, आपल्यासाठी प्रार्थना कर एवढंच म्हणतो. मरियेच्या लितानीतही (ओळीने म्हणायच्या विनवण्यांतही) बघा, ख्रिस्ताला म्हणतो "आम्हांवर दया कर" आणि मरियेला म्हणतो "आम्हांसाठी विनंती कर". हा फरक शेकडो वर्षं पाळला गेलाय, आपलं लक्ष नसतं ती गोष्ट वेगळी.

एवढं ऐकल्यावर सासूबाई कदाचित म्हणतील, ठीक आहे, जिवंत माणसाला प्रार्थना कर म्हणून सांगणं समजू शकते, पण जी या जगात नाही तिला कसं सांगायचं? हा खरा फरक आहे आणि तो लपवायचं कारण नाही. आपण मानतो की ख्रिस्तात मेलेले ख्रिस्तात जिवंत आहेत आणि मरणाने प्रार्थनेचं नातं तुटत नाही. प्रॉटेस्टंट बांधव म्हणतात की त्यांना हाक मारा असं बायबलात कुठे सांगितलेलं नाही. पण ज्याच्यापासून प्रॉटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या ल्यूथरच्या मेलांक्थन या सहकाऱ्याने १५३१ मध्ये ल्यूथरन विश्वासाच्या बचावासाठी जे लिहिलं त्यातही मरिया ख्रिस्तसभेसाठी प्रार्थना करते हे मान्य केलंय. हरकत होती ती तिला हाक मारण्याला आणि ख्रिस्तापेक्षा तिच्यावर जास्त भिस्त ठेवण्याला. आणि त्या काळातल्या काही प्रार्थना वाचल्या तर ती हरकत अगदीच बिनबुडाची होती असं मला तरी म्हणवत नाही.

तेव्हा तुम्हाला मध्येच वाटतं ना की त्यांचं बरोबर आहे का, त्याला घाबरू नका. रोझरी सोडायचीही गरज नाही आणि त्यांच्यासमोर मुद्दाम मोठ्याने म्हणायचीही गरज नाही.

प्रश्न : व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड आलाय की पोपनी मरियामातेचं टायटल काढून घेतलं. हे प्रॉटेस्टंटांना खूश करायला चाललंय का?

उत्तर : फॉरवर्ड अर्धवट आहे. ४ नोव्हेंबर २०२५ ला व्हॅटिकनच्या विश्वाससिद्धान्त विभागाने एक दस्तऐवज काढला, पोप लिओ चौदावे यांच्या मंजुरीने. त्यात म्हटलंय की मरियेला "सहतारणकर्ती" म्हणणं केव्हाही योग्य नाही, कारण तारण करणारा एकच आणि या टायटलने तेच झाकोळतं. "सर्व कृपांची मध्यस्थ" या टायटलबद्दलही जपून राहायला सांगितलंय. त्यामागचं एक कारण मला फार आवडलं, की मरियेचंही तारण झालंय, सगळ्यांत आधी झालंय, तर जी कृपा तिला स्वतःला मिळाली तिची मध्यस्थ ती स्वतःच कशी असेल?

पण काढून घेतलं म्हणायला "सहतारणकर्ती" हे टायटल अधिकृत सिद्धान्त म्हणून कधी दिलेलंच नव्हतं. काही पोपनी ते वापरलंय हे खरं, जॉन पॉल दुसरे यांनीसुद्धा. पण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ते मुद्दाम टाळलं, पुढे पोप झालेले कार्डिनल रात्झिंगर यांना ते पटत नव्हतं आणि पोप फ्रान्सिस तर उघड विरोधात बोलले. मरियेला "आई" म्हणायला, विश्वासू लोकांची माता म्हणायला कुणाचीच ना नाही, त्या दस्तऐवजाचं नावच तसं आहे.

आता खूश करण्याचं म्हणाल तर, एखादी गोष्ट प्रॉटेस्टंट म्हणतात एवढ्यावरून ती खोटी ठरते का? ख्रिस्त एकटाच तारणारा हे आपलंच म्हणणं आहे, त्यांच्याकडून उसनं आणलेलं नाही.

प्रश्न : मी प्रॉटेस्टंट आहे, तुमचं मासिक कॅथलिक मित्राकडे वाचतो. तुम्ही नेहमी सगळं गोड गोड करून सांगता. मरियेबद्दल एवढं जमत असेल तर मग अडतंय कुठे, ते सांगा की!

उत्तर : अडतंय ते दोन ठिकाणी आणि दोन्ही तारखांसकट सांगता येतं. ८ डिसेंबर १८५४ ला पोप पायस नववे यांनी जाहीर केलं की मरिया गर्भात आल्या क्षणापासून मूळ पापापासून, म्हणजे आदामापासून सगळ्या माणसांकडे आलेल्या पापापासून, मुक्त होती, आणि १ नोव्हेंबर १९५० ला पायस बारावे यांनी जाहीर केलं की आयुष्य संपल्यावर तिला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं. कॅथलिक माणसाला हे दोन्ही सिद्धान्त बंधनकारक आहेत. तुमचा आक्षेप असा की बायबलात थेट नसलेली गोष्ट तारणाच्या विश्वासाचा भाग म्हणून लादायची कशी, आणि ठरवणारे पोप कोण?

माझं मत विचाराल तर भांडणाचं मूळ इथे मरियेपेक्षा पोपच्या अधिकारात आहे. ऑर्थोडॉक्स मंडळींकडे, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या चर्चच्या लोकांकडे, बघा ना. मरियेची गाणी, मूर्तिचित्रं, उपास, १५ ऑगस्टचा तिच्या महानिद्रेचा (मृत्यूच्या आठवणीचा) सण, हे सगळं त्यांच्यात आपल्याइतकंच, काही ठिकाणी आपल्यापेक्षा जास्त. तरी १८५४ चा सिद्धान्त त्यांना मान्य नाही, मूळ पापाकडे बघण्याची त्यांची रीतच वेगळी आहे, आणि शिवाय एकट्या पोपने सगळ्या ख्रिस्तसभेसाठी ठरवायचं हे त्यांना पटत नाही. म्हणजे मरियेवर इतकं प्रेम असूनही एकी झालेली नाही.

उलट उदाहरणही आहे. इ.स. ४३१ मध्ये इफिसच्या महासभेने मरियेला "देवमाता" म्हणणं योग्य ठरवलं, ते खरं तर ख्रिस्ताबद्दलचं ठरवणं होतं, की तिच्या पोटी आलेला तो देवच. कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य बिशप नेस्तोरियस याला "ख्रिस्तमाता" जास्त बरं वाटत होतं, त्याला पदावरून काढलं आणि पूर्वेकडची असिरियन ख्रिस्तसभा त्या निर्णयापासून लांब राहिली ती राहिलीच. पंधराशे वर्षं! मग ११ नोव्हेंबर १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि असिरियन ख्रिस्तसभेचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका निवेदनावर सह्या केल्या, ज्यात ख्रिस्तावरचा विश्वास एकच आहे असं म्हटलं आणि दोन्ही संबोधनं रास्त मानली, तुम्ही असं म्हणा, आम्ही तसं म्हणतो. पूर्ण एकी नाही झाली त्याने, पण मरियेवरून निघालेली सर्वांत जुनी गाठ सुटली ती अशी.

तुमच्या बाजूनेही हालचाल झालीय. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले) आणि कॅथलिक यांच्या संयुक्त आयोगाने २००५ मध्ये मरियेवर निवेदन प्रसिद्ध केलं. त्यात या दोन सिद्धान्तांचा आशय बायबलशी सुसंगत पद्धतीने समजून घेता येतो इथपर्यंत ते आले, पण ज्या अधिकाराने ते जाहीर झाले तो प्रश्न तसाच ठेवला. फ्रान्समधल्या दोंब गटाने, यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्हीकडचे अभ्यासक आहेत, १९९७-९८ मध्ये आणखी धीट सूचना केली, की कॅथलिक ख्रिस्तसभेने हे दोन सिद्धान्त मानण्याची अट एकीच्या आधी घालू नये आणि प्रॉटेस्टंटांनी ते शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहेत असं म्हणणं सोडावं. ही अधिकृत भूमिका नाही, अभ्यासकांची सूचना आहे. पण मला विचाराल तर वाट निघालीच तर याच बाजूने निघेल.

आता मीही एक विचारतो. "आतापासून सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील" हे लूक १:४८ मधलं मरियेचं वाक्य तुमच्या चर्चमध्ये वर्षातून किती वेळा ऐकू येतं? नाताळ सोडून म्हणतोय. हे वाक्य तिच्या ज्या स्तोत्रात आहे त्याच स्तोत्रावर ल्यूथरने १५२१ मध्ये अख्खं विवेचन लिहिलं आणि तिला देवमाता म्हणायला तो कधी कचरला नाही. आमच्याकडून अति झालं असेल, तुमच्याकडून तिच्याबद्दल गप्प बसणंही अतीच झालंय.

प्रश्न : लूर्द आणि फातिमाच्या दर्शनांवर विश्वास ठेवला नाही तर पाप लागतं का?

उत्तर : नाही. फ्रान्समधलं लूर्द १८५८, पोर्तुगालमधलं फातिमा १९१७, मरियेच्या या दोन्ही दर्शनांना मान्यता आहे, पण अशी दर्शनं ही खासगी प्रकटनं. ख्रिस्तात जे पूर्णपणे प्रकट झालं त्यात ती काही भर घालत नाहीत, कुणाला जगायला बळ देत असतील तर चांगलंच. मे २०२४ पासून तर नियमच असा आहे की ख्रिस्तसभा सहसा "हे अलौकिक आहे" असा निर्वाळाही देत नाही, फार तर भक्तीला हरकत नाही एवढंच सांगते. त्यामुळे शेजारच्या प्रॉटेस्टंट कुटुंबाला फातिमाच्या दर्शनात सांगितलेल्या गुपितांवरून घाबरवायला जाऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे एकीच्या (ख्रिस्ती एकीसाठी प्रार्थनेच्या) सप्ताहात सगळ्या चर्चची मिळून प्रार्थना ठरतेय. कार्यक्रम मी बसवतोय. मरियेचं काही ठेवायचं की टाळायचं? टाळलं तर आमची म्हातारी माणसं नाराज, ठेवलं तर पाहुणे.

उत्तर : रोझरी ठेवू नका, जी प्रार्थना अर्ध्या लोकांना तोंड मिटून ऐकावी लागेल ती एकत्र प्रार्थना होत नाही. मरियेचं स्तोत्र ठेवा, लूक १:४६ ते ५५. ते बायबलातलंच आहे त्यामुळे कुणाची हरकत येत नाही, अँग्लिकन लोक ते संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणतात, ल्यूथरनांच्या सायंप्रार्थनेतही आहे, आपले धर्मगुरू आणि सिस्टर्स तर रोज संध्याकाळी म्हणतात, आणि ऑर्थोडॉक्स सकाळच्या उपासनेत गातात. गाद्यांवरच्या राजांना खाली ओढलं, भुकेल्यांना भरभरून दिलं, असलं जोरकस आहे ते, पुटपुटण्यासारखं नाही. एक ओळ एका बाजूने, दुसरी दुसऱ्या बाजूने असं म्हणा आणि बाजू चर्चप्रमाणे पाडू नका, बसलेत तसे मधून दोन भाग करा. म्हाताऱ्यांना आधीच सांगून ठेवा की यात मरियेला हाक नाहीये, मरिया स्वतः बोलतेय. प्रती मोठ्या अक्षरात काढा.