वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतली युद्धकाळातली पत्रे

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. घरी त्यांची आठ-दहा पाकिटे आहेत. त्यांवर इंग्रजीत 'आय. ई. एफ. डी' असे काहीतरी आहे. ते नेमके कुठे होते? आणि प्रत्येक पत्रात 'मी खुशाल आहे' याखेरीज काहीच कसे नाही?

उत्तर : आय. ई. एफ. म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, आणि पुढचे अक्षर म्हणजे आघाडी. 'ए' फ्रान्स, 'बी' पूर्व आफ्रिका, 'ई' इजिप्त, 'जी' गॅलिपोली. 'डी' म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. पंचम जॉर्जच्या तिकिटावर 'आय. ई. एफ.' या तीन अक्षरांचा काळा छाप असेल, तर तेही युद्धभूमीवरच्या टपालासाठी काढलेले तिकीट आहे. गोल शिक्क्यात 'एफ.पी.ओ.' आणि आकडा दिसेल. ते फील्ड पोस्ट ऑफिस, म्हणजे फौजेबरोबर फिरणारे टपाल कार्यालय. कार्यालय हलले की आकडाही त्याच्याबरोबर हलायचा. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून गाव ठरवू नका. आकडा आणि तारीख ही जोडी मिळूनच ठिकाण सापडते. पाकिटाला चिकटलेले तिकीट सोडवून संग्रहात लावण्याचा मोह टाळा. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर असतो. तिकीट काढले की दोन्ही मुकी होतात.

आता मजकुराचे. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे. पत्र सांगितले जायचे, लिहायचा दुसराच. घरीही मास्तर किंवा टपालवाला ते मोठ्याने वाचून दाखवायचा. वाटेत पलटणीचा अधिकारी ते तपासायचा आणि पुढे सेन्सॉर. चार लोकांच्या कानांवर आणि डोळ्यांवर जाणाऱ्या कागदात माणूस मनातले किती लिहिणार? म्हणून वाक्यांपेक्षा तारखांकडे पाहा. सगळी पत्रे क्रमाने लावा आणि खंड कुठे पडतो ते शोधा. तुमच्या पणजोबांच्या पलटणीसाठी हे फार महत्त्वाचे आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कुत अल् अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती फौज शरण गेली. खंड डिसेंबर १९१५ च्या सुमारास सुरू होत असेल, तर पणजोबा वेढ्यात आणि पुढे तुर्कांच्या कैदेत असण्याची शक्यता आधी तपासा.

अक्षर बदलले म्हणून 'हात जखमी झाला असेल' असा तर्क मात्र करू नका. बहुतेक वेळा फक्त लेखनिक बदललेला असतो.

प्रश्न : एका पत्रात 'मिरची धाडावी' असे दोनदा आहे. सैनिक सांकेतिक भाषेत लिहीत, असे वाचले होते. ही तसलीच खूण का?

उत्तर : फ्रान्समधून आलेल्या काही पत्रांत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असा संकेत खरोखरच वापरलेला आढळतो. पण तिथे मिरी 'संपत आली', 'आता लाल मिरची वापरतात' अशी भाषा असते. तुमच्या पत्रात मागणी आहे, आणि ती साध्या मिरचीचीच वाटते. मेसोपोटेमियातल्या सुरुवातीच्या काळात हिंदी शिपायाचा रोजचा शिधा साधारण असा होता : पीठ दीड पौंड (सुमारे ६८० ग्रॅम), डाळ ४ औंस (११३ ग्रॅम), तूप २ औंस, गूळ १ औंस, बटाटे २ औंस, मांस ४ औंस. मिरची औंसाचा सहावा भाग, म्हणजे पाच ग्रॅमही नाही! रोज झणझणीत कालवण खाणाऱ्या माणसाला ती कशी पुरणार? या यादीत हिरवी भाजी नाही, हेही पाहा. म्हणूनच तिथे स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरली. हिरड्या सुजून रक्त येई, पाय दुखत. पत्रात 'दात दुखतात', 'पायांत जोर नाही' असे आले असेल, तर ते वरवरचे गाऱ्हाणे समजून सोडून देऊ नका.

प्रश्न : मोडी पत्रावर 'शके १८३८ पौष व॥' अशी मिती आहे. ७८ मिळवून आम्ही १९१६ धरले, पण टपालाचा शिक्का १९१७ चा दिसतो.

उत्तर : शिक्का बरोबर आहे. शकाचे वर्ष पाडव्याला बदलते, इंग्रजी वर्ष मधेच. १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मितीला ७९ मिळवायचे. 'व॥' म्हणजे वद्य, आणि त्या साली पौष वद्य जानेवारीत आले. म्हणून १९१७.

मोडी लावताना मधूनच सुरुवात करू नका. 'तीर्थरूप', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष', 'लोभ असावा' ही ठरलेली वाक्ये आधी शोधा. त्यांतले शब्द तुम्हाला ठाऊकच आहेत, तेव्हा त्यांवरून त्या हाताच्या वळणाचा एक तक्ता करा. शब्दांत अंतर नसते आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसते, हे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

प्रश्न : जांभळट अक्षरातले एक पत्र घड्यांवर फाटले आहे. लॅमिनेट करून घ्यावे का?

उत्तर : नाही, कृपया नाही. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. जांभळट अक्षर बहुधा कॉपिंग पेन्सिलीचे आहे. तिच्या शिशात पाण्यात विरघळणारा रंग असतो. ओला बोळा, वाफ, घामट बोट यांपैकी काहीही लागले की अक्षर फुटून जांभळा डाग होतो. घडी उघडण्यासाठी कागद दमट करण्याची युक्ती इथे अजिबात चालवू नका.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पत्र टेबलावर ठेवा, जितके सहज उघडेल तितकेच उघडा आणि दोन्ही बाजूंचे व पाकिटाचे फोटो घ्या. मग दिवे मालवून टॉर्च एका बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि पुन्हा फोटो घ्या. पेन्सिलीने कागदावर पडलेली खोल रेघ सावलीमुळे वर येते. जांभळा रंग पुसट असेल, तर फोटो कृष्णधवल करताना हिरवा फिल्टर लावा. अक्षर गडद होते. शेवटी प्रत्येक पत्र आम्लरहित कागदाच्या वेगळ्या घडीत ठेवा. पीव्हीसीच्या पिशव्या, रबरबँड, टाचण्या आणि कागदाला टेकणाऱ्या डांबरगोळ्या टाळा. ट्रंक बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पावसाळ्यातली ओल तिथूनच शिरते आणि मागोमाग कसर.

प्रश्न : पत्रे नाहीत, फक्त एक पदक आहे. त्यावरून काही कळेल?

उत्तर : पहिल्या महायुद्धाचे गोल पदक असेल, तर त्याची कड भिंगाखाली फिरवून पाहा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत उमटवलेली असते. पॉलिशने घासू नका, कडेची अक्षरे झिजतात. ब्रिटिश वॉर मेडल शिपायांना चांदीचे आणि फौजेबरोबरच्या बिनलढाऊ नोकरांना ब्राँझचे दिले जाई, म्हणून धातूही नोंदवा. पदक ज्यांचे, ते युद्धात कामी आले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. मात्र शोध नावापेक्षा नंबरावरून घ्या. जाधवांचे 'जाधाव' आणि शिंद्यांचे 'सिंधे' इंग्रज कारकुनाने कधी केले असेल, ते सांगता येत नाही. नंबर बहुधा तोच राहतो.