आधी रवी शोधा

या वेळी पत्रं पुष्कळ आली. त्यातली चार निवडली आहेत. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली, कारण ते वाचून मी रात्री उठून वही काढून बसले होते.

प्रश्न : ताई, माझ्या मुलीचा जन्म त्रिपुरी पौर्णिमेचा, नोव्हेंबरअखेरचा, संध्याकाळी सातचा. दवाखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीतून चंद्र दिसत होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पत्रिका कॉम्प्युटरवर काढून घेतली. चौथ्यात मंगळ आहे म्हणून दोन स्थळांनी नकार कळवला. पत्रिका सोबत जोडते. मला त्यातलं काही कळत नाही. निदान स्वतःला बघता येईल एवढं शिकवाल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : शिकवते, आणि तुमच्याच कागदावर शिकवते. कुंडलीचा चौकोन समोर घ्या. वरचं मधलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं घर म्हणजे लग्नस्थान, पहिलं घर. तिथून डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजत जायचं. डाव्या हाताचं शंकरपाळं चौथं, खालचं सातवं, उजव्या हाताचं दहावं. घरात लिहिलेला आकडा घराचा नसतो, राशीचा असतो. १ म्हणजे मेष, २ वृषभ, असं करत १२ म्हणजे मीन. शिकणाऱ्यांची पहिली गफलत हमखास इथेच होते. ‘८’ दिसला की आठवं घर समजतात.

आता हा चौकोन आकाशाला जोडा. वरचं घर म्हणजे पूर्व क्षितिज, जन्माच्या क्षणी जी रास तिथे उगवत होती ती. त्या राशीलाच पत्रिकेत लग्न म्हणतात. खालचं म्हणजे पश्चिम क्षितिज. उजवीकडचं दहावं डोक्यावर, डावीकडचं चौथं पायाखाली. म्हणून कुठलीही पत्रिका हातात आली की मी आधी रवी शोधते. रवी वरच्या घरात किंवा अगदी शेजारी असेल तर जन्म सूर्योदयाच्या आसपासचा. दहाव्यात असेल तर दुपारचा, सातव्यात मावळतीचा, चौथ्यात मध्यरात्रीचा. एखादं घर इकडेतिकडे होतं, पण अर्धा चौकोन ओलांडून रवी जात नाही.

तुमच्या कागदावर वरच्या घरात ८ आहे आणि तिथेच रवी बसला आहे. म्हणजे ही पत्रिका सांगते की बाळ जन्मलं तेव्हा सूर्य नुकता उगवला होता. तुमची मुलगी तर दिवेलागणीनंतरची! काढणाऱ्याने संध्याकाळऐवजी सकाळचे सात घातले. बाकीचं जुळतं, त्यामुळे चूक कुणाच्या नजरेत आली नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाभर रवी वृश्चिकेत असतो, तो तसा आहे. पौर्णिमेला चंद्र रवीच्या बरोबर समोर हवा, तोही खाली, २ आकड्याच्या घरात आहे. पण हे दोघं कोणत्या क्षितिजावर होते, तेच उलटं झालं. त्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेला बुडून तासभर झाला होता आणि चंद्र पूर्वेला वर चढत होता. तुमच्या खिडकीतून दिसला तोच चंद्र. त्या खिडकीच्या आठवणीवरच मला चूक सापडली, हे तुम्हाला सांगायलाच हवं.

आता पेन्सिल घ्या. वर ८ च्या जागी २ लिहा आणि डावीकडे ओळीने ३, ४, ५ असे आकडे भरा. ग्रहांच्या राशी तशाच ठेवायच्या. बारा तासांत चंद्र सहा-सात अंश सरकतो, बाकीचे ग्रह त्याहून फार कमी. तुमच्या पत्रिकेत त्याने कुणाची रास बदललेली नाही. चंद्राचे अंश सरकल्यामुळे दशेचा, म्हणजे आयुष्यातला कोणता काळ कोणत्या ग्रहाचा याचा, हिशेब मात्र नव्याने करून घ्या. नव्या चौकोनात चंद्र लग्नात आला, रवी सातव्यात गेला. तुमचा मंगळ ११ म्हणजे कुंभेत. आधीच्या कागदावर कुंभ चौथ्या घरात होती, आता ती दहाव्यात आली. मंगळासाठी आपल्याकडे पहिलं, चौथं, सातवं, आठवं आणि बारावं घर बघतात. दहावं त्यात नाही. उलट दहाव्यात मंगळाला दिग्बल, म्हणजे दिशेचं बळ, मिळतं असं शास्त्र म्हणतं.

पण मंगळ खरंच चौथ्यात असता तर? तरीही मी त्या दोन्ही घरांना हेच म्हटलं असतं की बारांपैकी पाच घरं ‘मंगळाची’ आहेत. हिशेबाने दर बारा माणसांतल्या पाचांना मंगळ निघतो. एवढ्यावरून मुलीला न बघता नकार देणं मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही. ग्रहाची रास, त्याच्यावरची दृष्टी, तो त्या लग्नाला कोणत्या घरांचा स्वामी आहे, हे न बघता नुसत्या जागेवरून कुणी ‘कडक’ म्हणत असेल, तर त्याने पत्रिका वाचलीच नाही.

आणखी तीन खुणा लक्षात ठेवा, चुकीचा कागद लगेच ओळखू येतो. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून तो रवीच्या घरात किंवा लगतच्या घरातच असतो. शुक्र ४८ अंशांच्या आत. राहू आणि केतू कायम समोरासमोर. यातलं काही मोडलेलं दिसलं की फलिताकडे जाऊच नका, कागद परत द्या.

प्रश्न : माझ्या वडिलांचा जन्म मे १९४४ चा, साताऱ्याजवळच्या खेड्यातला. आजोबांच्या टिपणात दुपारी १२.३० लिहिलं आहे. त्या काळच्या हस्तलिखित पत्रिकेत कर्क लग्न आहे. मी ती वेळ ॲपवर टाकली तर सिंह लग्न येतं. कोणतं खरं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हस्तलिखित खरं. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपल्याकडची घड्याळं एक तास पुढे केलेली होती. आजोबांनी घड्याळात बघून १२.३० लिहिलं, त्याचे आजच्या हिशेबाने ११.३० होतात. काही ॲप हा तास वजा करतात, काही करत नाहीत. तुमचं करत नसावं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत कोपऱ्यात ‘इष्ट घ. १३ प. ४५’ असं बारीक लिहिलेलं आहे. ते सोन्यासारखं जपा. सूर्योदयापासून जन्मापर्यंत गेलेला वेळ म्हणजे इष्टघटी. एक घटका २४ मिनिटांची किंवा ६० पळांची, म्हणजे १३ घटका ४५ पळांचे साडेपाच तास. मे महिन्यात तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. सहा अधिक साडेपाच, साडेअकरा! सूर्योदयापासून मोजणाऱ्या त्या माणसाला सरकारने घड्याळाचं काय केलं याच्याशी कर्तव्यच नव्हतं. रवीनेही ताडून बघा. कर्क लग्नाला वृषभेतला रवी अकराव्या घरात येतो, माथ्यावर यायला अजून थोडा अवकाश असलेला.

असाच घोळ रात्रीच्या जन्माचा होतो. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. शिकत असताना मी माझ्या आतेबहिणीची पत्रिका ‘सोमवारी रात्री १२.४०’ ऐकून सोमवारच्या तारखेने केली. हवी होती मंगळवारची. पूर्ण एका दिवसाचा चंद्र चुकला, नक्षत्र चुकलं, आणि त्या पत्रिकेवरून वडीलधाऱ्यांत बोलणंही झालं होतं. आत्याच्या घरी जाऊन मी ती परत मागून घेतली. तेव्हापासून रात्रीचा जन्म असला की मी दोनदा विचारते, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी कोणती तारीख होती?’

वेळ थोडी पुढेमागे झाली तर चालेल का, असं पुष्कळजण विचारतात. लग्न सरासरी दोन तास टिकतं, पण सगळी सारखी नाहीत. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मीन लग्न दीड तासाहून थोडं अधिक, वृश्चिक सव्वादोन तासांच्या आसपास. लग्नाच्या मधोमध जन्म असेल तर दहा मिनिटांनी लग्न बदलत नाही. काठावर असेल तर दोन मिनिटंही पुरतात.

प्रश्न : ॲपमध्ये माझी रास कन्या. आजोबांनी टिळक पंचांगावरून केलेल्या पत्रिकेत तूळ. नक्षत्र दोन्हीकडे चित्रा. मी नक्की कोण?
– वय २४, पुणे

उत्तर : दोन्ही गणितं आपापल्या जागी बरोबर आहेत. मेषेचा आरंभ आकाशात कुठून धरायचा, यावर मतं दोन आहेत. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तो बिंदू, दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे सरकतो. स्थिर आरंभबिंदूपासून तो किती मागे गेला ते अंतर म्हणजे अयनांश. चित्रा ताऱ्यावरून धरलं तर ते आज सुमारे २४ अंश आहे. टिळक पंचांग रेवती तारा धरतं, त्यात हे अंतर साधारण चार अंशांनी कमी. १९५० च्या दशकात केंद्र सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने, मेघनाद साहा तिचे अध्यक्ष होते, चित्रापक्ष स्वीकारला आणि बहुतेक ॲप तोच वापरतात.

तुझा चंद्र चित्रापक्षाने कन्येच्या २७ अंशांवर आहे. चार अंश मिळव, तुळेचा एक अंश होतो. चित्रा नक्षत्र कन्या आणि तूळ दोन्हींत अर्धं अर्धं पसरलेलं, म्हणून नक्षत्र टिकलं, चरण (नक्षत्राचा चौथा हिस्सा) मात्र दुसऱ्याचा तिसरा झाला. जन्मनावाचं अक्षर ‘पो’ चं ‘रा’ झालं ते याच्यामुळे.

खरा फरक दशेत पडतो. चित्रेचा स्वामी मंगळ, त्याची महादशा ७ वर्षांची. नक्षत्र १३ अंश २० कलांचं. त्यातले चार अंश म्हणजे दशेची दोन वर्षं आणि वर महिनाभर. मंगळानंतर येणारी तुझी राहूची १८ वर्षं एका हिशेबात दोन वर्षं आधी सुरू होतात. म्हणून एक पद्धत धर आणि तिच्यातच राहा. कुंडली एकाची आणि दशा दुसऱ्याची घेऊन कुणी बोलायला लागलं तर सरळ थांबव. मी स्वतः चित्रापक्ष वापरते. आजोबांची पत्रिका मात्र टाकू नकोस. वरच्या पत्रातला वयस्क मुलगा बापाच्या पत्रिकेचा फोटो कसा जपून काढतो, बघितलंस ना?

प्रश्न : तुम्ही इतक्या हिशेबाने लिहिता, मग स्पष्ट सांगा. हे विज्ञान आहे का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : ग्रह कुठे होते हे गणित आहे आणि ते कुणालाही पडताळता येतं. त्यावरून माणसाचं काय होईल, हे विज्ञानाने सिद्ध झालेलं नाही. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात २०० मुलांच्या पत्रिकांची चाचणी घेतली होती. त्यातली निम्मी मुलं हुशार आणि निम्मी मतिमंद होती. कोणती पत्रिका कुणाची, हे ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांची उत्तरं दिली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के, नाणं उडवून येतील तेवढीच. मी हे माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. औषध थांबवायचं का, नोकरी सोडायची का, मुलीला नाकारायचं का, असे प्रश्न घेऊन कुणी आलं तर मी पत्रिका उघडत नाही.

मग मी हे का करते? माझे वडील पाटीवर चौकोन काढून मला बसवायचे आणि गच्चीवर नेऊन विचारायचे, ‘आत्ता पूर्वेला कोणती रास आहे?’ मला आकाश ओळखायला पत्रिकेने शिकवलं. नाशिकच्या ताईंनी कागदावर पेन्सिलने २ लिहिला की त्यांच्या मुलीच्या जन्माची संध्याकाळ त्यांना तिथे दिसेल, सूर्य खाली आणि चंद्र वर.