सगळाच राग वयाचा नसतो

'ताई, मुलगी नववीत आहे. शाळेतून आली की दप्तर फेकते, दार आपटते. मी मागोमाग जाऊन विचारलं की रडते, आणि अर्ध्या तासाने काही घडलंच नाही अशी येऊन पोहे मागते. रात्री बारापर्यंत मोबाइल, सकाळी सातची शाळा. परवा बहिणीला फोनवर हे सगळं सांगत होते, ते तिने ऐकलं. तेव्हापासून अबोला आहे. हे म्हणतात लाडावलीय, सासूबाई दृष्ट काढतात. मोबाइल काढून घेऊ का?'
– एक आई, सांगली

सासूबाईंना दृष्ट काढू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. दार आपटून अर्ध्या तासात पोहे मागणं हे वयाचं आहे. फोननंतरचा अबोला मात्र वयाच्या खात्यावर टाकू नका. आपलं रडणं मावशीपर्यंत गेलेलं कळलं, तर तुम्हीही रुसला असता.

शाळेतून आल्यावर तिच्या मागे खोलीत जाऊ नका. वर्गात, मैत्रिणींत दिवसभर दाबलेलं घरी बाहेर पडतं, कारण घरी ते चालतं हे तिला माहीत आहे. पोहे मागायला आली की कांदा चिरायला द्या आणि गप्प राहा. समोर बसवून विचारल्यावर जे निघत नाही, ते हात कामात असताना आपसूक निघतं. शिवाय डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलता येतं.

झोपेचं मात्र मनावर घ्या. या वयात 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यामुळे 'लवकर झोप येत नाही' हे ती खोटं सांगत नाही. पण बाराला झोपून सातची शाळा म्हणजे जेमतेम सहा तास. एवढ्यावर मोठी माणसंही खेकसतात. मोबाइल काढून घेऊ नका. साडेदहाला घरातले सगळेच मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लागू देत. ह्यांचासुद्धा.

चिडचिड पाळीच्या आधी वाढते का, तेही तिलाच टिपू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नव्हे, तिच्या वहीत.

दोन आठवडे सलग उदास किंवा चिडलेली राहिली, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टी सुटल्या, तर डॉक्टरांना दाखवा. 'जगून काय करू' असं काही बोलली किंवा स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

पण सगळ्यात आधी, बहिणीशी फोनवर जे बोललात त्याबद्दल तिची माफी मागा. 'पण तूसुद्धा' हे शब्द त्यात येऊ देऊ नका.