मोंबासाला पोचल्यावर पहिल्याच दिवशी काय करू?

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. मी २४ वर्षांची, नाशिकला शरणपूर रोडला राहते. आमच्या युवक संघातले आम्ही आठ जण दोन आठवड्यांसाठी केनियात मोंबासाला मिशन ट्रिपला चाललोय. तिथल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत शिकवायचं, भिंती रंगवायच्या, रविवारी साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर आपला विश्वासाचा अनुभव सांगायचा, असं ठरलंय. लीडरने उतरल्या दिवसापासूनचं टाइमटेबल केलंय, सकाळी आठ ते रात्री नऊ, ते बघूनच माझ्या पोटात गोळा येतो. भाषा येत नाही, साक्षीला उभी राहिले आणि ततपप झालं तर? पहिले तीन-चार दिवस कसे काढू?

उत्तर: अगं, आधी लीडरला सांगून त्या टाइमटेबलमधले पहिले दोन दिवस मोकळे करून घे. तुम्ही तिथे पाहुणे म्हणून जाताय, आणि आल्या आल्या ब्रश घेऊन भिंतीला भिडणारा पाहुणा आपल्याकडेतरी कुणाला आवडतो का? बस, चहा पी, कोण कुणाचं कोण ते समजून घे. भिंती त्यांनाही रंगवता येतात.

माझीच फजिती सांगते. मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा मंडळीतल्या एका आजीने चहाला बोलावलं, म्हणाली 'सा म्बिली'. मी दोन दिवसांत आकडे पाठ केलेले, म्बिली म्हणजे दोन, म्हणून मी ऐटीत दुपारी दोनला हजर. तिथल्या स्वाहिली भाषेत घड्याळ सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन! आजी आठ वाजल्यापासून बसलेली, नारळाच्या दुधातली महाम्री, म्हणजे तळलेला गोडसर पाव, रुमालाखाली गार होऊन चिवट झालेली, आणि तिने एक शब्द न बोलता चहा परत उकळायला ठेवला. मला अजून लाज वाटते. तेव्हा कुणी वेळ सांगितली की 'सकाळची का, तुमच्या घड्याळाची का माझ्या' हे विचारूनच घे.

भाषेचं एवढं टेन्शन नको. चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका, गाडीला गारी, तुझं निम्मं काम झालेलंच आहे. मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हण, म्हणजे आपलं पाया पडते म्हणण्यासारखंच, ते 'मराहाबा' म्हणतील. चर्चमध्ये पाहुण्यांना हमखास उभं करतात. तेव्हा 'ब्वाना आसिफिवे' म्हण, प्रभूची स्तुती असो, अख्खी मंडळी आमेन म्हणेल आणि तुझी निम्मी भीती तिथेच जाईल. साक्ष पाच मिनिटांची ठेव. दुभाषी असेल तर एक वाक्य बोलून थांब, त्याचं होऊ दे, मग पुढचं, आणि पाठ केलेलं भाषण नको. घरी आरशासमोर नको, आईसमोर कर प्रॅक्टिस, आई मधे मधे बोलतेच, थांबायची सवय लागते.

आणि शरणपूर रोडची पोरगी मोंबासाला चाललीये तर हे तुला माहीत असायलाच हवं. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत आणली जायची, त्यातली बरीच आपल्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, लोहारकाम-सुतारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरलेले मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हाही होता. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसली, तिथे नाशिकहून गेलेली बरीच माणसं होती. तिथल्या घंटेवरून त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात, केंगेले म्हणजे घंटा. एक संध्याकाळ तिथे जाऊन ये. म्हणजे 'आम्ही पहिल्यांदा काहीतरी घेऊन आलोय' ही हवा आपोआप उतरते, जी मिशन ट्रिपवाल्यांच्या डोक्यात फार असते, माझ्याही होती.

बाकी पटपट. यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घे, कार्ड पासपोर्टसोबतच ठेव, नाहीतर परत येताना भारतात क्वारंटाइनमध्ये बसवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून. ईटीए, म्हणजे केनियात शिरायची ऑनलाइन परवानगी, भरताना जायचं खरं कारण लिही. सामान प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नको, तिथे २०१७ पासून बंदी आहे. प्लग तिकडे तीन चौकोनी पिनांचा लागतो. नाशिकच्या थंडीतून जाशील तर तिथला दमट उकाडा अंगावर येईल, सुती कपडे घे, गुडघ्याखाली जाणारे. आणि शाळेतल्या पोरांचे फोटो काढून लगेच स्टेटसला टाकायचे नाहीत, आधी त्यांच्या घरच्यांना विचारायचं, तुझ्या भाच्याचा फोटो कुणी न विचारता टाकलेला चालेल का तुला?

तिसऱ्या दिवशी रडू येईल, उगीचच. येऊ दे. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही, चौथ्या दिवशी आपण स्वतःहून अजून मागतो.

प्रश्न: ताई, माझी मुलगीही त्याच टीममध्ये आहे. पोचल्यावर ती फोन नाही करणार याची मला खात्री आहे. मी रोज रात्री दहाला लावला तर चालेल ना? — एक आई, नाशिकरोड

उत्तर: वहिनी, केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तुमचे दहा म्हणजे तिथले साडेसात, ऐन उपासनेची नाहीतर जेवणाची वेळ. तिथल्या दहाला, म्हणजे तुमच्या रात्री साडेबाराला लावा म्हटलं तर तुम्ही जागणार. त्यापेक्षा तिला सांगा सकाळी चहा घेताना 'बरी आहे' एवढा एक व्हॉइस मेसेज टाक. आणि लाडू द्यायचे असतील तर आठ जणांना पुरतील एवढे द्या, पहिल्याच रात्री संपतात.