शहरात नवा बचत गट बांधणाऱ्या ताईला

तुमच्या वस्तीतल्या बायका वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आल्यात, म्हणून गट टिकणार नाही असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. गाव एक नसलं तरी चालतं, एकमेकींचं घर मात्र माहीत हवं. दहा ते वीस जणी पुरेत.

बँकेत बहुतेक वेळा कागदांवरून अडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गटाचं बचत खातं उघडायला फक्त पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते, सगळ्याजणींची लागत नाही. हे शांतपणे, पण ठामपणे सांग.

खरी कसोटी पुढे आहे. भाड्याची खोली बदलते, पेरणीला किंवा बाळंतपणाला बाई गावी जाते. त्यासाठी पहिल्याच बैठकीत ठराव लिहा: जाण्याआधी सांगायचं, तेवढ्या महिन्यांची बचत आगाऊ भरायची, कायमची निघाली तर कर्ज वजा करून उरलेली रक्कम हातात द्यायची. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे.

जिला वाचता येत नाही, तिच्या पासबुकात आकडा तिच्यासमोरच लिहा आणि तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. महिन्याभरात ती स्वतःच चूक दाखवते, हे मी पाहिलंय!

सहा महिने गट नीट चालला की बँकेच्या कर्जाचा विचार करता येतो. तोवर आपसातच कर्ज द्या. धंद्यासाठीच द्यायचं, असा हट्ट नको. सावकाराचं देणं फेडायला मागितलं तर आधी तिला द्या, आणि पैसे तिच्याच हातात द्या, नवऱ्याकडे नाही.