वाचकांचे प्रश्न : फिजिओथेरपीची इंटर्नशिप आणि शिकणारे हात

प्रश्न : बीपीटीएच या फिजिओथेरपीच्या पदवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन माझी इंटर्नशिप सुरू झाली, त्याला दोन महिने झाले. आमच्या ओपीडीत इंटर्नकडे फक्त मशीन लावण्याचे आणि शेकायचे हॉट पॅक ठेवण्याचे काम येते. रुग्णाला उभे करायची वेळ आली की माझे हात कापतात, आणि रुग्णही ‘मोठ्या मॅडमना बोलवा’ म्हणतात. उरलेल्या चार महिन्यांत काय करावे?
– एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे, पण तिच्यातला ‘फक्त’ हा शब्द मला मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. हॉट पॅक साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यातून बाहेर निघतो. मध्ये टॉवेलचे सहा ते आठ पदर असतात म्हणूनच त्वचा वाचते. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या कित्येकांना पावलांना चटका बसला तरी कळत नाही, आणि कळत नसल्यामुळे ते बोलतही नाहीत. गरम आणि थंड पाण्याच्या परीक्षानळ्या टेकवून संवेदना तपासणे, पॅक ठेवल्यावर पाच मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा पाहणे, शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर शेक देणारे यंत्र) सुरू करण्यापूर्वी पेसमेकर आहे का हे प्रत्येकाला विचारणे, ही सगळी रुग्णाची जबाबदारी घेण्याची कामे आहेत आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी हीच गाळली जातात.

मात्र सहा महिने एवढ्यावरच संपणार असतील, तर तुमच्यावर अन्याय होत आहे. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात पाच वर्षांच्या पदवीतील एक संपूर्ण वर्ष इंटर्नशिपसाठी ठेवले आहे आणि मला तो बदल मनापासून योग्य वाटतो, कारण पक्षाघाताचा रुग्ण पलंगाच्या कडेला तोल सांभाळून बसण्यापासून जिना चढण्यापर्यंत पोहोचतो त्याला अनेकदा कित्येक महिने लागतात, आणि दर काही आठवड्यांनी विभाग बदलणाऱ्या इंटर्नला त्या प्रवासाचा एक तुकडाच दिसतो. तुम्हाला ते वर्ष मिळणार नाही. म्हणून आपल्या विभागप्रमुखांकडे एकच मागणी करा : दर पोस्टिंगमध्ये, म्हणजे प्रत्येक विभागातल्या नेमणुकीत, एक तरी रुग्ण पहिल्या तपासणीपासून घरी जाईपर्यंत माझ्याकडे द्या.

समजा, गुडघ्याचा सांधा बदललेल्या एक आजी तुमच्याकडे आल्या. गुडघा किती वाकतो हे गोनिओमीटरने, म्हणजे सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाने, मोजा, पण केस पेपरवरचा आधीचा आकडा न पाहता मोजा, आणि नंतर वरिष्ठांना स्वतंत्रपणे मोजायची विनंती करा. पाच अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातला असू शकतो. त्याहून अधिक आला, तर यंत्राचा मध्य सांध्याच्या रेषेवर होता का, मांडी स्थिर धरली होती का, हे दोघींनी मिळून पाहा. स्नायूंच्या ताकदीचेही तसेच आहे. ० ते ५ या मोजणीत ३ ही श्रेणी निश्चित आहे, कारण गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल पूर्ण होते की नाही हे डोळ्यांना दिसते. पण ४ आणि ५ मधला फरक, म्हणजे तुम्ही दिलेला जोर स्नायू किती पेलतो हे, तुमचा तळहात ठरवतो, आणि तळहात अनेक रुग्णांनंतरच भरवशाचा होतो. आणखी एक गोष्ट : त्या आजी तुम्हाला अंश विचारणार नाहीत. खाली मांडी घालून बसता येईल का, असे विचारतील. त्याचे उत्तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच द्या.

हात कापतात, याची लाज वाटू देऊ नका. माझ्या इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मी पक्षाघाताच्या एका काकांना उठवण्यासाठी त्यांचा लुळा हात धरून ओढला. आमच्या मॅडमनी तिथेच थांबवले आणि खांद्याच्या सांध्यात पडलेली बोटभर पोकळी माझ्याच बोटांनी चाचपायला लावली. अशक्त स्नायूंमुळे सांधा आधीच निसटलेला असतो, ओढल्याने दुखणे वाढते, हे मी परीक्षेत लिहून आले होते. कळले त्या दिवशी. तेव्हापासून आधी व्हीलचेअरचे ब्रेक, मग रुग्णाची पावले, मग कमरेच्या पट्ट्याची पकड, असा क्रम मी मोठ्याने म्हणत असे. बरेच दिवस झोपून असलेल्या रुग्णाला थेट उभे करू नका. काही मिनिटे बसवा, घेरी येते का विचारा, रक्तदाब पाहा. क्रम ठरलेला असला की हात स्थिर होतात.

प्रश्न : मुलीने इंटर्नशिप घराजवळच्या खासगी क्लिनिकमध्ये केली तर चालेल का? येण्याजाण्याचा त्रास वाचेल.
– एक पालक, नाशिक

उत्तर : महाविद्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय मुळीच नाही, इंटर्नशिप ग्राह्य धरली गेली नाही, तर पुढे राज्य परिषदेकडे नोंदणी अडेल. नियम बाजूला ठेवूनही माझे मत प्रतिकूलच आहे. क्लिनिकमध्ये मान, कंबर आणि गुडघा भरपूर दिसतो. पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची छाती मोकळी करणे, भाजलेल्या हाताची बोटे आखडू न देणे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या बाळाला मान धरायला शिकवणे हे मोठ्या रुग्णालयातच शिकता येते. आपल्याकडे या विषयाचे शिक्षण १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओग्रस्त मुलांच्या गरजेतून सुरू झाले, ते रुग्णांच्या खाटांजवळच.

प्रश्न : माझ्या आईला पक्षाघातानंतर व्यायामासाठी शिक्षण-रुग्णालयात नेतो. दर वेळी विद्यार्थी तपासतात. नकार दिला तर उपचारांवर परिणाम होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नकार देणे हा तुमच्या आईंचा अधिकार आहे आणि त्यामुळे उपचार कमी होता कामा नयेत. तरी सरसकट नकार देण्याआधी तीन गोष्टी मागून पाहा. विद्यार्थ्याने आपले नाव आणि आपण इंटर्न आहोत हे आधी सांगावे, हात लावण्यापूर्वी तुम्हाला नव्हे, आईंना विचारावे, आणि प्रथम उभे करताना किंवा नवा व्यायाम देताना वरिष्ठ शेजारी असावेत. दर वेळी नवा चेहरा येत असेल, तर पूर्ण पोस्टिंगभर एकच विद्यार्थी द्यावा, अशी विनंती विभागप्रमुखांना करा. नीट देखरेखीखालचा इंटर्न आईंना अनेकदा वरिष्ठांपेक्षा अधिक वेळ देऊ शकतो. दुखले तर ‘थांब बाळा’ असे स्पष्ट म्हणायला त्यांना सांगून ठेवा, आणि बोलता येत नसेल, तर चांगल्या हाताने करायची एखादी खूण पहिल्याच दिवशी त्या विद्यार्थ्याबरोबर ठरवून घ्या.