मुंबईत पहिल्यांदा येताय? लोकलची भीती सोडा

भीती गर्दीची असते, गाडीची नाही. सकाळी 8 ते 11 लोंढा दक्षिण टोकाच्या चर्चगेट-सीएसएमटी स्टेशनांकडे, संध्याकाळी 5 ते 9 उलट्या दिशेला. तुम्ही त्याच्या विरुद्ध जा, बसायलाही मिळेल.

इंडिकेटरवर दोन गोष्टी बघा: शेवटचं स्टेशन आणि फास्ट की स्लो. चर्नी रोडला प्रत्येक फास्ट थांबत नाही, त्यामुळे गिरगाव चौपाटीसाठी स्लोच पकडलेली बरी. संध्याकाळी बोरिवलीला उतरायचं असेल तर विरार गाडीच्या वाटेला जाऊ नका. दारातली मंडळी पुढे जाणारी असतात; त्यांच्यातून वाट काढेपर्यंत गाडी सुटते. (वर बोलणी खाल ती वेगळीच.) बोरिवली लोकलच घ्या. सॅक पाठीवरून पुढे पोटाशी, आणि एक स्टेशन आधीच "उतरणार का?" विचारत दाराकडे सरका. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये सापडलात तर दंड ठरलेला.

वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत. तिथे काळीपिवळी टॅक्सी, नाहीतर बेस्टची बस.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बाकी दिवशी गेटवेहून सकाळचीच लाँच धरा, दुपारी पायऱ्या चढताना घाम निघतो.